बंपर घेण्याआधी चासीखाली वाकून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सींना मागे लोखंडी बंपर बसवून घेण्याची लगबग सुरू होते. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : पत्रा किती एमएमचा? हा प्रश्न हवाच, पण नंतर. आधी विचारायचे ते हे की बंपर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, कुठे, किती बोल्टांनी आणि कशाच्या आधारावर धरला जाणार आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या चिखलात गाडी रुतली आणि मागून ओढायची वेळ आली, की सगळा ताण त्या मोजक्या बोल्टांवर येतो. तिथे कच्चे काम असेल तर ५ मिमीचा पत्राही उपयोगाचा नाही.

म्हणून गाडीखाली वाका आणि ब्रॅकेट, म्हणजे बंपर चासीला जोडणारी लोखंडी पट्टी, बघा. बंपरचा पत्रा ३ मिमी पुरतो, ब्रॅकेट मात्र किमान ६ मिमीची हवी. प्रत्येक बाजूला १२ मिमीचे निदान तीन बोल्ट हवेत, आणि ते एकाच पातळीत नकोत. दोन चासीच्या कुशीतून आणि एक मागच्या किंवा खालच्या तोंडातून गेला, तर ओढताना ब्रॅकेट फिरत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा वर्ग कोरलेला असावा. कोरे डोके म्हणजे साधा बोल्ट, तो घेऊ नये. चासी पोकळ डबीसारखी असेल तर आरपार जाणाऱ्या बोल्टवर आतून जाड नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, घालावीच लागते. ती नसली की बोल्ट आवळताना डबीच चेपते. त्या दिवशी बोल्ट घट्ट वाटतो, महिन्याभरात ढिला होतो, मग भोक लंबगोल होत जाते. आम्ही सर्वांत जास्त पाहतो तो बिघाड हाच. आणखी एक, चासीला वेल्डिंग नको. कंपनीने दिलेली भोकेच वापरावीत. त्या भोकांना न जुळणारा बंपर दुसऱ्या गाडीसाठी बनलेला असतो आणि वेल्डरच्या भरवशावर विकला जातो.

ओढायचा हुक, म्हणजे रिकव्हरी पॉइंट, याकडेही बारकाईने बघावे. ४.७५ टनी शॅकलची, म्हणजे ओढायचा पट्टा अडकवायच्या कडीची, पिन २२ मिमीची असते. तिच्यासाठी पट्टी २० मिमीच्या आसपास जाड, भोक २५ मिमीचे आणि भोकाभोवती चारही बाजूंनी निदान २५ मिमी लोखंड शिल्लक असावे. ही पट्टी बंपरच्या तोंडावर नुसती चिकटवलेली असेल तर तो बंपर घेऊच नये. पत्र्याला चीर पाडून पट्टी आरपार न्यावी, दोन्ही बाजूंनी वेल्ड करावी आणि मागे थेट चासीच्या ब्रॅकेटला जोडावी. बॅटरी टॉर्च मागून आत मारला की हे एका मिनिटात दिसते. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका. गोळ्याची मान तुटली तर तो तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणूस जागीच जातो. चाके ॲक्सलपर्यंत रुतली की ओढायला लागणारा जोर गाडीच्या वजनाएवढा, प्रसंगी त्याहून जास्त होतो. असा झटका सोसण्यासाठी तो गोळा केलेलाच नसतो.

आता वजन. एक चौरस मीटर पोलादी पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. म्हणजे ३ मिमीचा साडेतेवीस किलो, ५ मिमीचा ३९ किलो. ब्रॅकेट धरून साधा बंपर ३५ ते ४० किलोंवर जातो, स्टेपनी टांगायचा फिरता हात जोडला की ७० सहज. हे ओझे मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर, २,४५० मिमी आहे. बंपर ॲक्सलपासून ७५० मिमी मागे धरला तर ४० किलोंच्या बंपरने मागच्या चाकांवर ५२ किलो वाढतात आणि पुढची चाके १२ किलोंनी हलकी होतात. ७० किलोंना हाच हिशेब ९१ आणि २१ किलोंचा होतो. चोर्ला घाटातल्या ओल्या वळणावर पुढची चाके हलकी होणे परवडत नाही. पत्रा जाड करून मजबुती आणण्यापेक्षा योग्य जागी घडी आणि आतून पट्ट्या देणारा कारागीर शोधावा.

मागचा उतरता कोन, म्हणजे चढ-उतारावर गाडीचा मागचा भाग न टेकता निघण्याची मर्यादा, दोरीने मोजता येतो. टायरच्या मागच्या अंगाला टेकवून दोरी बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंत ताणा. जमिनीशी होणारा कोन तोच. नव्या थारचा तो साधारण ३७ अंश आहे. बंपरची कड ५ सेंमीनी खाली आली की साडेतीन अंशांच्या आसपास गेलेच. दिसायला भरदार बंपर ओढ्याच्या काठावर पहिल्यांदा टेकतो तो याच कारणाने. दोन्ही कोपरे वर कापलेले असावेत, पण कडा गोल घासलेल्या हव्यात. बाजारपेठेत दुचाकीस्वाराची पोटरी नेमकी त्याच उंचीवर येते. सायलेन्सरच्या नळीपासून बंपर चहूबाजूंनी २५ ते ३० मिमी दूर हवा आणि नळीचे तोंड बंपरच्या बाहेर निघालेले हवे. धूर आत कोंडला तर मागच्या दाराच्या फटीतून केबिनमध्ये येतो.

गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतले काम संपलेले असते. आपल्याकडचा तांबडा चिखल पोकळीत साठतो आणि पाऊस संपल्यावरही आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. म्हणून मागून उघडा बंपर उत्तम. बंद पोकळी असेलच तर प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या जागी १२ ते १५ मिमीचे भोक हवे. त्यातून काडी घालून बघा. वेल्डिंगचा थेंब भोक बुजवून बसलेला पुष्कळदा सापडतो. पावडर कोटिंग बंद पोकळीत पोचत नाही. आधी सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या झोताने सफाई, मग जस्ताचे प्रायमर, मग पावडर, असा क्रम पाळावा. गंज किंवा तेल तसेच ठेवून वर पावडर मारली की पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. पोकळीत वर्षातून एकदा कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे मेण, फवारावे.

सेन्सर, दिवे आणि नंबर प्लेट ही किरकोळ कामे समजून शेवटी उरकली जातात. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते पत्र्यात रबरी रिंगेशिवाय बसवले तर कंपनाने उगीच वाजत राहतात, आणि त्यांच्यावर रंगाचा जाड थर मारला तर बहिरे होतात. लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेटवरचा दिवा परत लागलाच पाहिजे. वायर कापून जोडण्याऐवजी कंपनीच्या सॉकेटला बसणारे कनेक्टर वापरावेत. फिरता स्टेपनी हात घेणार असाल तर टेपर बेअरिंग, ग्रीसचे निपल आणि उघडा असताना अडकून राहणारी कडी, या तीन गोष्टी तपासा. उतारावर ती कडी नसलेला स्टेपनी हात माणसाच्या हातावरच येऊन आदळतो.

कायद्याबद्दल दुकानदार सांगत नाहीत म्हणून इथे लिहितो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे गाडीला बाहेरून जोडलेले लोखंडी संरक्षक दांडे, यांवर कारवाई करा, असे राज्यांना कळवले. आधार मोटार वाहन कायदा १९८८ च्या, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या, कलम ५२ चा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ खाली परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहे. चोर्ल्यातून गोव्यात उतरा की शिनोळीवरून चंदगडला जा, कायदा केंद्राचा आहे, सीमा ओलांडल्याने तो बदलत नाही. बसवण्याआधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. कंपनीचा मूळ बंपर भंगारात घालू नका. एका दुपारीत परत चढवता येईल असाच, नुसत्या बोल्टांवरचा बंपर निवडा.

उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखानदारांना आमची कळकळीची विनंती आहे. लेझर कटिंग, बेंडिंग, हायड्रॉलिक्स, सगळी कारागिरी आपल्या गावात आहे. मग बंपरबरोबर एक कागद का मिळू नये? त्यावर पत्र्याची आणि ब्रॅकेटची जाडी, एकूण वजन, बोल्टचा वर्ग आणि आवळण्याचे माप लिहा. १२ मिमीच्या ८.८ बोल्टला ते ८० न्यूटन-मीटरच्या आसपास येते. ग्राहकांनीही असा कागद मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि बसवल्यानंतर ५०० किलोमीटरवर गाडी परत आणून प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचे माप दाखवणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासून घ्यावा.

आपले,
फॅब्रिकेशन आणि गाडी दुरुस्तीच्या कामातील काही वाचक,
बेळगाव-खानापूर