चार्जिंग उन्हाच्या विजेवर हवं, पण गाडी सावलीत: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी परळी वैजनाथची. अंबाजोगाईच्या एका शाळेत शिकवते. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर पडतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी पेट्रोलची गाडी विकून बॅटरीवरची स्कूटर घेतली. ती विकायचा विचार नाही. गावोगावी चार्जिंग स्टेशनं व्हावीत, असंच मला वाटतं. ती कशी व्हावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

परळीत कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे इथल्या माणसाला वीज कुठून येते हे शिकवावं लागत नाही. वाळत घातलेल्या ओढणीवर बोट फिरवलं की राखेची रेघ उमटते. तुळशीचं पान धुतल्याशिवाय आम्ही तोंडात घालत नाही. माझ्या स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण ३ युनिट लागतात. ती कोळशाची असतील तर दोनेक किलो कोळसा जळतो, अर्धा किलोच्या वर राख उरते आणि सरकारनंच घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे दहा लिटरपर्यंत पाणी लागतं. पेट्रोलच्या मानानं कार्बन तरीही कमीच, हे मान्य. पण २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्यांनी ते दिवस काढलेत, त्यांना दहा लिटर म्हणजे काय ते कळतं.

आम्ही सगळे गाडी चार्जिंगला रात्री लावतो, जेवणं झाल्यावर. त्या वेळी सूर्याची वीज नसते, भार कोळशावर पडतो. दिवसा लावावी तर कुठे? माझ्या वाटेवर एक सार्वजनिक चार्जिंग पॉइंट झाला. त्यासाठी दोन कडुलिंब पाडले, खाली काँक्रीट ओतलं आणि वर काहीच नाही. मे महिन्यात भर दुपारी तिथं गाडी लावली तर डिस्प्लेवर तापमानाची खूण आली आणि चार्जिंग थांबलं. पाऊण तास मी समोरच्या टपरीच्या छपराखाली उभी, गाडी उन्हात. सीटला हात लावता येत नव्हता. लिथियमच्या बॅटरीला असा ताप सोसत नाही, तिचं आयुष्य घटतं. म्हणजे नवी बॅटरी लवकर लागणार आणि जुनीचा कचरा आधी होणार. ती परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, पण आमच्याकडं गॅरेजवाल्याच्या कोपऱ्यात पडलेली बॅटरी भंगारात जाते. चार्जिंग स्टेशनवरच ती जमा करून पावती मिळण्याची सोय करावी.

माझी मुख्य मागणी मात्र छपराची आहे. मराठवाड्यातलं प्रत्येक सार्वजनिक चार्जिंग सौर पॅनेलच्या शेडखाली असावं. १० किलोवॅटच्या पॅनेलना साधारण हजार चौरस फूट जागा लागते. त्यातून दिवसाला चाळीसेक युनिट निघतात, म्हणजे तेरा स्कूटर पूर्ण चार्ज होतात आणि तेवढ्या गाड्या सावलीतही राहतात. एसटी स्टँड, बाजार समिती, तहसील, कॉलेज, जिथं गाडी दिवसभर उभीच असते तिथं हे आधी करा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनं सौर कृषी वाहिनी आणलीच आहे. तोच विचार इथं लावायचा आहे. दिवसाच्या चार्जिंगचा दर रात्रीपेक्षा ठळकपणे कमी ठेवला तर लोक सवय बदलतील. मीही बदलेन, शाळेच्या वेळेतच गाडी लावेन.

आणि झाड तोडून स्टेशन नको. पुढचा पॉइंट जिथं व्हायचा आहे म्हणतात, तिथं एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्यावर गेल्या आठवड्यात लाल रंगात आकडा पडलाय. शेजारी सरकारी गोदामाचा मोठा पत्रा मोकळा आहे, पॅनेल तिथं बसतील. कृपया आपल्या खात्याकडून ती जागा पाहून घ्यावी, आणि तोवर त्या झाडाला कुणी हात लावू नये असा निरोप खाली द्यावा.

आपली नम्र,
एक शिक्षिका, परळी वैजनाथ, जि. बीड