वर्गणी एक, पावत्या दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरच्या मंडळांची ऑनलाइन वर्गणी सुरू होते आणि 'वर्गणी एकदाच दिली, पावत्या दोन आल्या' ही तक्रारही. खापर नेटवर्कवर फुटते. नेटवर्क रेंगाळणारच, ते गृहीत न धरणारा सर्व्हरवरचा कोड दोषी. मंडळांना स्प्रिंग बूटमध्ये (जावातल्या वेबसेवांच्या चौकटीत) हौसेने सेवा लिहून देणाऱ्या तरुणांनी म्हणून थोडे लक्ष द्यावे.

एचटीटीपीत (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत) पुट आणि पोस्ट असे विनंतीचे प्रकार आहेत. पुट दोनदा पाठवले तरी परिणाम एकदाच्याइतकाच अपेक्षित असतो. पोस्टला ती हमी नाही. उत्तर वाटेत हरवले, देणाऱ्याने बटण पुन्हा दाबले, की दुसरी नोंद झालीच. त्यासाठी फॉर्म उघडतानाच ब्राउझरने एक यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक) तयार करावा आणि दर प्रयत्नात तोच विनंतीच्या हेडरमधून पाठवावा. बटण दाबल्यावर तयार केलात तर ये रे माझ्या मागल्या.

सर्व्हरवर 'हा आधी आलाय का?' असे विचारून मग नोंद करणे पुरत नाही. दोन विनंत्या पाठोपाठ आल्या तर दोघींनाही 'नाही' हेच उत्तर मिळते. यूयूआयडीच्या रकान्यावर डेटाबेसचे युनिक बंधन (तेच मूल्य दुसऱ्यांदा न घेणारे) हवेच. घोळ होतो तो इथे: जेपीएचा (जावातून डेटाबेस हाताळण्याच्या पद्धतीचा) सेव्ह प्रत्यक्ष इन्सर्टला कमिटपर्यंत, म्हणजे बदल कायम करण्याच्या क्षणापर्यंत, लांबवू शकतो, मग भोवतीच्या, चूक पकडणाऱ्या ट्राय-कॅचच्या हाती काहीच लागत नाही. इन्सर्ट लगेच पाठवणारे सेव्ह-अँड-फ्लश वापरावे आणि एक्सेप्शन (चुकीची सूचना) ट्रान्झॅक्शनबाहेर (एकत्रच कमिट होणाऱ्या कामांच्या गटाबाहेर), विनंती घेणाऱ्या कंट्रोलरमध्ये पकडावे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फसलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये साधी सिलेक्टही (नोंद वाचणेही) चालत नाही. विनंतीभर एकच डेटाबेस-सेशन उघडे ठेवणारे स्प्रिंगचे ओपन-इन-व्ह्यूही बंद करावे, नाहीतर बिघडलेलेच सेशन पुन्हा हाती येते. मग जुनी पावती शोधून तीच द्यावी: एचटीटीपीचा उत्तर-संकेतांक पहिल्यांदा 201 (नवी नोंद झाली), नंतर 200 (ठीक). यूयूआयडी तोच पण रक्कम वेगळी असेल तर 422 (विनंती स्वीकारता येत नाही). (चूक झाली तरी 200 देऊन आत 'अयशस्वी' लिहिण्याची खोड मात्र सोडावी.)

पेमेंट गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत नको. 'प्रलंबित' नोंद कमिट करावी, मग कॉल, मग निकाल. हिकारी पूलमध्ये (स्प्रिंग बूटच्या डेटाबेस-कनेक्शनांच्या साठ्यात) बदल न केल्यास 10च कनेक्शन असतात. गेटवे रेंगाळला की दहाही अडकतात आणि अकरावी विनंती 30 सेकंद ताटकळून एरर घेऊन परतते. संध्याकाळच्या आरतीनंतर सगळे एकदम क्यूआर स्कॅन करतात, तेव्हा हे हमखास घडते.

रक्कम डबलमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नये, रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

तपासायला एकाच यूयूआयडीने 20 थ्रेड (समांतर विनंत्या) एकदम सोडावेत. टेबलात ओळ एकच दिसली पाहिजे.

— एक वाचक, रामबाग, इंदूर