केंद्राने हात आखडता घेतल्यावर

केंट, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका
दि. २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि. आईलाही माझा नमस्कार सांगावा.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, अमेरिकेचे सरकार जवळजवळ दीड महिना बंद होते म्हणजे नेमके काय बंद होते, कपात कपात म्हणतात ती कुठल्या पैशाची, आणि माझ्या दवाखान्याला तिची झळ बसणार आहे का. तुमची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात गेली. केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा, उपयोगिता प्रमाणपत्र हे शब्द ऐकतच मी मोठी झाले, म्हणून तुम्हाला फोनवर वरवरचे उत्तर द्यावेसे वाटले नाही. त्यातच आमच्या मतदारसंघातून राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेलेल्या प्रतिनिधींचे माहितीपत्र याच सुमारास टपालाने आले. त्यात यंदा झालेले नवे कायदे आणि केंद्राकडून येणाऱ्या पैशातली घट, दोन्हींचा हिशेब मतदारांपुढे मांडलेला आहे. ते समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे.

आधी इथली घडी सांगते. आमच्या राज्यात ४९ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर व दोन प्रतिनिधी ऑलिम्पिया या राजधानीच्या गावी जातात. विधिमंडळ वर्षभर भरत नाही. विषम सालात १०५ दिवस आणि सम सालात ६० दिवस, एवढ्यातच सगळे काम उरकावे लागते. यंदाचे अधिवेशन २७ एप्रिलला संपले आणि २०२५ ते २०२७ या दोन वर्षांसाठी सुमारे ७७.८ अब्ज डॉलर्सचा अर्थसंकल्प मंजूर झाला. राज्याला आयकर नाही. विक्रीकर, व्यवसायकर आणि मालमत्ताकर यांवरच मुख्य भिस्त आहे. शिवाय पुढच्या चार वर्षांचा ताळेबंद जुळलेला दाखवला पाहिजे असे राज्याच्या कायद्यानेच बंधन आहे. वॉशिंग्टन डी.सी. या देशाच्या राजधानीतले केंद्र सरकार कर्ज काढून तूट चालवू शकते, ती सोय ऑलिम्पियाला नाही. पुढे जे लिहिणार आहे ते कळण्यासाठी एवढा एक फरक ध्यानात ठेवावा.

नव्या कायद्यांपैकी आमच्या भागात सर्वांत जास्त बोलले जाते ते घरभाड्याच्या कायद्याविषयी. गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांनी ७ मे रोजी त्यावर सही केली आणि तो त्याच दिवसापासून लागू झाला. आता घरमालकाला वर्षभरात भाडे महागाईदर अधिक ७ टक्के किंवा १० टक्के, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त वाढवता येत नाही, पहिल्या बारा महिन्यांत तर मुळीच वाढवता येत नाही, आणि वाढीची सूचना ९० दिवस आधी द्यावी लागते. नव्या इमारतींना पहिली बारा वर्षे यातून सूट आहे. १० टक्के ही मर्यादासुद्धा चांगलीच वरची आहे, पण भाडे कितीने वाढेल याचा अंदाजच नसणे आणि निदान कमाल आकडा ठाऊक असणे यात कुटुंबाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. दुसरा कायदा संपावर गेलेल्या कामगारांना १ जानेवारी २०२६ पासून जास्तीत जास्त सहा आठवडे बेरोजगार भत्ता मिळण्याविषयीचा आहे. पेट्रोलवरचा राज्याचा कर जुलैपासून गॅलनमागे सहा सेंटने वाढला.

करांच्या बाबतीत आपल्या मराठी मंडळींना थेट लागलेली गोष्ट म्हणजे १ ऑक्टोबरपासून सॉफ्टवेअर बनवून देणे, संकेतस्थळ उभारणे, तांत्रिक साहाय्य, जाहिरात अशा सेवांवर विक्रीकर बसला. रेडमंड आणि बॉथेलकडे ज्यांचे छोटे स्वतंत्र व्यवसाय आहेत त्यांची नाराजी मी ऐकते आणि ती मला खोटी वाटत नाही, कारण दहा माणसांच्या कंपनीला दर बिलावर दहा टक्क्यांच्या आसपास कर लावणे जड जाते. परंतु राज्याच्या तिजोरीत तूट होती, आणि तीही केंद्राची कपात जाहीर होण्याच्या आधीपासून होती, हेही आमच्या प्रतिनिधींनी माहितीपत्रात आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

आता कपातीविषयी. ४ जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ज्या मोठ्या कायद्यावर सही केली, तो सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० असा, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मताने, आणि प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४ असा मंजूर झाला होता. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र व राज्य मिळून चालवतात तो आरोग्यविमा, आमच्या राज्यात ॲपल हेल्थ या नावाने चालतो आणि राज्यातल्या साधारण चारांतल्या एका माणसाला त्याचा आधार आहे. त्यांतल्या सहा लाखांच्या आसपास प्रौढांच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र उचलते. नव्या कायद्याने हा ९० टक्क्यांचा आकडा बदललेला नाही. त्याऐवजी या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवाकार्य करत असल्याचे दाखवावे, आणि पात्रतेची फेरतपासणी वर्षातून एकदा न होता दर सहा महिन्यांनी व्हावी, असे ठरवले आहे. हे उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून सुरू व्हायचे आहे. केंद्राच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज असा की, या कायद्यामुळे २०३४ पर्यंत देशात आणखी एक कोटी माणसे विम्याविना राहतील.

बाबा, तुम्ही दर नोव्हेंबरात कोषागारासाठी हयातीचा दाखला देता. तो दाखला दर सहा महिन्यांनी मागितला, सोबत महिन्याचे तास लिहून आणायला सांगितले, आणि तो वेळेत न पोहोचल्यास पेन्शनऐवजी औषधे बंद झाली, अशी कल्पना करा. दवाखान्यात माझे काम हेच आहे: रुग्णांची पात्रता तपासणे, अर्ज भरून देणे, नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून पाठपुरावा करणे. माणसे काम करत नाहीत म्हणून विमा जाईल असे मला वाटत नाही. काम करणारी माणसे कागद पोहोचवू शकणार नाहीत म्हणून जाईल. आर्कान्सा राज्यात २०१८ मध्ये अशीच अट घातली, तेव्हा न्यायालयाने ती थांबवेपर्यंत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला होता, आणि त्यांतल्या पुष्कळांना ही अट आपल्याला लागू आहे हेच ठाऊक नव्हते. आमच्याकडे येणाऱ्यांत गोदामात पाळीने काम करणारे, दुसऱ्यांच्या घरी वृद्धांची सेवा करणाऱ्या बायका, दोन-तीन ठिकाणी थोडे थोडे तास राबणारे असे लोक आहेत. त्यांचे तास भरतात, पण ते एका कागदावर कधीच येत नाहीत.

अन्नसाहाय्याच्या बाबतीत राज्यावर येणारा भार अधिक उघड आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांना धान्यखरेदीसाठी पैसे देणाऱ्या केंद्राच्या स्नॅप योजनेचा लाभ आमच्या राज्यात सुमारे नऊ लाख लोक घेतात. आजवर धान्यखरेदीची पूर्ण रक्कम केंद्र देत असे आणि योजना राबवण्याचा खर्च दोघांत निम्मा निम्मा होता. ऑक्टोबर २०२६ पासून राबवणुकीचा तीन चतुर्थांश खर्च राज्याकडे येईल, आणि त्यानंतर वर्षभराने लाभाच्या रकमेतही राज्याला हिस्सा भरावा लागेल. तो हिस्सा किती, हे राज्याच्या चुकांच्या प्रमाणावर ठरेल: चुका सहा टक्क्यांच्या आत असल्या तर काही नाही, पुढे पाच, दहा, आणि कमाल पंधरा टक्के. चूक म्हणजे घोटाळा नव्हे. कोणाला काही डॉलर्स जास्त गेले किंवा कमी गेले, दोन्ही चुकाच धरतात. २०२४ मध्ये देशाची सरासरी १०.९३ टक्के होती आणि आमचे राज्य सहाच्या रेषेच्या अगदी किंचित वर होते. म्हणजे जे कारकून ही प्रकरणे तपासतात त्यांची संख्या वाढवली तर राज्याचे कोट्यवधी डॉलर्स वाचू शकतात, आणि नेमका त्याच कारकुनांच्या पगारातला केंद्राचा वाटा आधी कमी होतो आहे. लेखापरीक्षणाचे शेरे निस्तरण्यात तुमची किती वर्षे गेली हे आठवून मला वाटले की, यातली अडचण तुमच्याइतकी लवकर दुसऱ्या कोणाला कळणार नाही. माहितीपत्रात या मुद्द्याला जेमतेम दोन ओळी दिल्या आहेत. मला तो त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटला.

केंटमध्ये अफगाणिस्तान आणि युक्रेनमधून आलेली निर्वासित कुटुंबे बरीच आहेत. नव्या कायद्याने निर्वासितांना आणि आश्रय मिळालेल्यांना स्नॅपमधून वगळले, आणि पुढच्या ऑक्टोबरपासून मेडिकेडच्या बाबतीतही तेच होणार आहे. ही माणसे या देशाने रीतसर तपासून, परवानगी देऊन आणलेली आहेत. त्यांच्यापुढे बसून, तुमचे कागद बरोबर आहेत पण कायदा बदलला, असे सांगणे हे माझ्या कामातले आजवरचे सर्वांत कठीण सांगणे आहे.

सरकार बंद असतानाचे तुम्ही विचारले होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर या काळात, केंद्राच्या खर्चाला मंजुरी न मिळाल्यामुळे, केंद्राचे अनेक कर्मचारी बिनपगारी होते, आणि नोव्हेंबर उजाडला तसा स्नॅपचा पैसाही अडला. आमच्या राज्याने तेव्हा आठवड्याला २२ लाख डॉलर्स अन्नवाटप केंद्रांकडे वळवले. नऊ लाख लोकांच्या मानाने ती रक्कम थोडी होती, हे उघड आहे. पण ती दिली नसती तर काय झाले असते, ते मी दवाखान्याच्या शेजारच्या रांगेवरून सांगू शकते. ज्या वादामुळे सरकार बंद पडले तो स्वतः विमा विकत घेणाऱ्यांना केंद्राकडून हप्त्यात मिळणाऱ्या वाढीव सवलतीचा होता आणि तो अजून मिटलेला नाही. ती सवलत डिसेंबरअखेर संपते आहे, आणि त्यातच आमच्या राज्यात २०२६ च्या वैयक्तिक विम्याचे हप्ते सरासरी २१ टक्क्यांनी वाढले आहेत.

माझ्या नोकरीला तूर्त धोका नाही. उलट कागदपत्रे वाढणार म्हणून माझ्यासारख्यांची गरज वाढेल, पण दवाखान्याचे उत्पन्न रुग्णांच्या विम्यातूनच येते, त्यामुळे विमा नसलेले रुग्ण वाढले तर ती गरज भागवायला पैसा कुठून येणार, हा प्रश्न आमच्या बैठकांत रोज निघतो.

प्रतिनिधींनी एक वाक्य स्पष्ट लिहिले आहे की, केंद्राने काढलेला सगळा पैसा राज्य भरून काढू शकणार नाही. निवडून आलेल्या माणसाने हे लेखी कबूल करावे याचे मला मोल वाटते. मात्र निर्णय घेणारे एकीकडे आणि लोकांच्या दारात उभे राहून उत्तर देणारे दुसरीकडे, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. २०२७ मध्ये कोणाचा विमा गेला तर पत्रावर ॲपल हेल्थचे नाव असेल आणि तो माणूस ऑलिम्पियाला दोष देईल.

तरी राज्याच्या हातात काहीच नाही असेही नाही. आमच्या राज्यातले मालक दर तिमाहीला कामगारांच्या वेतनाबरोबर त्यांचे तासही रोजगार खात्याला कळवतात; बहुतेक राज्यांकडे तासांची ही नोंद नसते. ती माहिती ॲपल हेल्थच्या यंत्रणेशी नीट जोडली, तर हजारो लोकांकडून एकही कागद न मागता त्यांची अट पूर्ण झाल्याचे नोंदवता येईल. घरकाम करणारे आणि स्वतंत्र कामे करणारे त्यात सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी माणसेच लागतील. १२ जानेवारीपासून साठ दिवसांचे अधिवेशन सुरू होते आहे आणि त्यात पुरवणी अर्थसंकल्प येईल. समितीपुढे घरबसल्या दूरचित्रसंवादाने साक्ष देता येते, लेखी निवेदनही देता येते. बोलायला एक-दोन मिनिटेच मिळतात, म्हणून मी लेखी निवेदनही तयार करते आहे: तासांची जोडणी वेळेत व्हावी आणि पात्रता तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी, एवढ्या दोनच मागण्या त्यात ठेवणार आहे.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे. एखाद्या योजनेतला केंद्राचा हिस्सा घटला की, आस्थापनेवरचा खर्च कापू नये हे पटवून देण्यासाठी तुम्ही टिप्पणी कशी मांडत होता, आधी आकडे की आधी परिणाम, ते सविस्तर लिहा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मिळाले तर मसुदा तुम्हाला पाठवून मगच पुढे देईन.

तुमची,
मृणाल