भुवया जपायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

आपण माझ्या भुवयांचे मायक्रोब्लेडिंग केलेत, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेत रंग भरून केसांसारख्या रेषा काढल्यात, त्याला गेल्या दसऱ्याला 2 वर्षे झाली. आपल्या कामाचा मोबदला मी त्याच दिवशी दिला. पण त्यानंतरचा दीड महिना आपण माझ्यासाठी जी तसदी घेतलीत, तिचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज जाहीरपणे मानते आहे, कारण चाईमुळे भुवया गेलेल्या माझ्यासारख्या अनेक जणी हे काम करून घेतात आणि घरी गेल्यावर ते कसे जपायचे, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही.

मलाही पहिल्या वेळी कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी ‘पाणी लावू नका’ एवढ्यावरच माझी बोळवण झाली. पाचव्या दिवशी खपल्यांना खाज सुटली, मी त्या नखाने काढल्या आणि खपलीबरोबर रंगही निघून आला. जो राहिला तो वर्षभरात तांबूस पडला. शाळेत वर्गावर जाताना कपाळावर ओढणी ओढून घेण्याची सवय मला तेव्हाच लागली.

आपण मात्र मला पहिल्याच भेटीत परत पाठवलेत. त्वचारोगतज्ज्ञांची संमती आणायला सांगितलीत, कानामागे रंगाचा ठिपका लावून 48 तास वाट पाहिलीत आणि मगच कामाला हात घातलात. निघताना आपण स्वतः करून दाखवलेली कृती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे: हात साबणाने धुवायचे, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ गॉझ पिळून भुवईवर नुसता टेकवायचा, चोळायचा नाही, कोरड्या गॉझने टिपून घ्यायचे आणि दोन्ही भुवयांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढेच मलम लावायचे. जाड थर दिला तर खपली ओली राहते आणि सुटून येते, हे कारणही आपण सांगितलेत. कारण कळल्यामुळेच माझ्याकडून ते पाळले गेले. दहा दिवस मी फोडणीच्या वाफेपासून तोंड बाजूला ठेवले, व्यायाम बंद केला आणि सासूबाईंनी मायेने पुढे केलेली हळद-साय नम्रपणे नाकारली.

बाराव्या दिवशी खपल्या आपोआप गळल्या आणि भुवया जवळजवळ दिसेनाशा झाल्या, तेव्हा रात्री साडेनऊ वाजता मी रडत आपल्याला फोन केला होता. नवी कातडी वरून धुरकट असते, रंग तिच्याखाली आहे, चार आठवडे थांबा, असे आपण शांतपणे समजावलेत. तसेच झाले, महिनाभरात रंग हळूहळू वर आला आणि सहाव्या आठवड्यातल्या टचअपला आपल्याला मोजक्याच रेषा भराव्या लागल्या.

मधल्या काळात दिवाळी आली होती. उटणे चालेल का, असे विचारल्यावर आपण म्हणालात की अंगाला खुशाल लावा, चेहऱ्याला नको, आणि पुढेही भुवयांवर काही खरखरीत घासू नका. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक ॲसिड असलेली क्रीम भुवयांपासून दूर ठेवायची, जखम पूर्ण भरल्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचे, हेही मी तेव्हापासून पाळते आहे. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात रोज दुपारी शाळेतून परतावे लागते, तरी रंग टिकला, याचे मोठे श्रेय मी त्या सनस्क्रीनला देते.

रंगात लोहाचे अंश असू शकतात, म्हणून एमआरआयच्या वेळी आधी सांगा, असे आपण बजावले होते. यंदा गुडघ्याचा एमआरआय करायची वेळ आली तेव्हा मी तंत्रज्ञांना ते सांगितले. त्यांनी नोंद घेतली आणि तपासणी विनात्रास पार पडली.

आता कडा थोड्या फिक्या दिसू लागल्या आहेत. माझी त्वचा तेलकट असल्याने असे होईल, हे आपण आधीच सांगितले होते. दिवाळीच्या सुटीत नूतनीकरणासाठी येते आहे. ओढणी आता खांद्यावरच असते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
नाशिकची एक शिक्षिका