आठ लाखांचं पेय

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय बाळ्या,

तू पाठवलेले कागद मोबाइलवर वाचवेनात, म्हणून मुलाकडून छापून घेतले आणि ओटीवर बसून दोनदा वाचले. फोनवर तू म्हणालास, "एका शब्दात सांग, त्या जेवणाऐवजी प्यायच्या पेयाच्या कंपनीत आठ लाख घालू की नको?" एका शब्दात सांगतो: नको. पण कंपनी सूनबाईच्या मैत्रिणीची. नुसतं माझं 'नको' घेऊन तुला घरात चार माणसांत बसता येणार नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. मुलगी हुशार आहे आणि कष्टाळूही. कुडाळच्या एमआयडीसीत माल भरून घेतात असं कागदात होतं. काजूच्या कामासाठी कुडाळला गेलो होतो, तेव्हा तिथे डोकावलो. ती तिथेच होती, डोक्याला जाळीची टोपी, हातात तापमानाच्या नोंदींची वही. तुझं नाव सांगितल्यावर तिन्ही चवी पाजल्या. नाचणी-कोको खरंच चांगलं आहे. काजू-वेलची मला मिट्ट गोड लागलं. कोकम-नारळाचा डबा मात्र तिने ओतायच्या आधी चांगला खळखळून हलवला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. सकाळी केलेली सोलकढी दुपारपर्यंत कशी होते ते तुला माहीतच आहे. कोकमाचं आंबट नारळाच्या दुधाला फाडतं. घरात पळीने ढवळलं की भागतं, पण दुकानाच्या फळीवर सहा महिने टिकवायचं तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी घालावं लागतं. मी विचारलं तर म्हणाली, "काका, तेच अजून जमत नाहीये." खरं बोलली. मला आवडलं.

पण कारखाना तिचा नाही. दुसऱ्याचा आहे, तो भरून देतो. हिचं आहे ते लेबल आणि रेसिपी. त्यात वावगं काही नाही, मीही मुंबईच्या एका दुकानदाराला त्याच्या नावाने कोकमाचं आगळ भरून देतोच की. फक्त मग कागदावरच्या 'आमच्या अत्याधुनिक युनिट'चा अर्थ काय, ते विचार. उद्या धंदा बसला तर विकायला यंत्रंसुद्धा नाहीत, हे तुला कळायला हवं.

जेवणाऐवजी प्यायचं पेय ही काही काल निघालेली गोष्ट नाही. अमेरिकेत स्लिमफास्ट १९७७ पासून आहे. युनिलिव्हरने २००० साली ती कंपनी २३० कोटी डॉलर मोजून घेतली. पुढे लोकांना पिष्टमय पदार्थ सोडायचं वेड लागलं, हिची विक्री घसरली आणि २०१४ मध्ये युनिलिव्हरने ती विकून टाकली. २०१८ मध्ये ग्लॅन्बिया नावाच्या कंपनीने घेतली तेव्हा किंमत ३५ कोटी डॉलर होती. युनिलिव्हरकडे जगभर दुकानं, जाहिरातीला पैसा, सगळं होतं बघ. लोकांची खाण्याची फॅशन बदलली, एवढंच झालं.

तुझ्या कागदात सॉयलेंट या अमेरिकन पेयाचं नाव मोठ्या कौतुकाने घेतलंय. त्याची पुढची गोष्टही वाच. रॉब ऱ्हाइनहार्ट नावाच्या सॉफ्टवेअरवाल्या पोराने २०१३ मध्ये लोकांकडून इंटरनेटवर दहा लाख डॉलरहून जास्त आगाऊ गोळा केले. २०१५ मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांनी दोन कोटी डॉलर घातले, २०१७ मध्ये आणखी पाच कोटी. मधे २०१६ मध्ये त्यांचे बार खाऊन लोकांची पोटं बिघडली आणि माल मागे घ्यावा लागला. कंपनीचा संशय शेवाळाच्या पिठावर होता. २०२३ मध्ये ती स्टार्को ब्रँड्सने विकत घेतली. पेय आजही विकलं जातंय, पण पेय चालणं वेगळं आणि त्यात उशिरा पैसे घातलेल्याचं भलं होणं वेगळं. दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील मी मुद्दाम वाईट तेवढंच निवडलं. इंग्लंडची ह्युएल २०१५ मध्ये सुरू झाली आणि चांगली वाढली. जर्मनीच्या वायफूडमध्ये नेस्लेने २०२३ मध्ये ४९.९५ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे काही जणांचं जमतं. तुझ्या कागदात फक्त जमल्याच्याच गोष्टी आहेत.

आता 'शाश्वत' आणि 'कोकणच्या मातीतलं' याबद्दल. नाचणी आपलीच, हे कबूल. हाडांना चांगली, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण प्रोटीन जेमतेम सात ग्रॅम. त्यांचा डबा ४०० कॅलरीत २० ग्रॅम प्रोटीन देतो. नुसत्या नाचणीतून तेवढं काढायचं तर पावणेतीनशे ग्रॅम नाचणी लागेल आणि कॅलरी होतील नऊशेच्या घरात. मग ते येतं कुठून? लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मी चष्मा लावून वाचलं: पहिलं पाणी, दुसरं वाटाण्याचं प्रोटीन. नाचणी त्याच्या खाली. वाटाणा वाईट नाही, पण तो आपल्या कुळागरातला नाही, आणि ते प्रोटीन कुठून मागवतात हे लेबलावर कुठेच नाही. नारळाच्या दुधाची पावडर वापरतात म्हणे. अशा पावडरीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधापासून बनतं. 'संपूर्ण वनस्पतिजन्य' असा दावा आहे, तर त्याबद्दल विचार आणि डब्यावर व्हीगन, म्हणजे संपूर्ण वनस्पतिजन्य, पदार्थांसाठीच्या २०२२ च्या नियमांतलं हिरव्या व्ही अक्षराचं चिन्ह आहे का ते बघ.

डब्याचंही तेच. कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम एकावर एक चिकटवलेलं. आपल्या नगरपरिषदेने कचरा वेगळा करण्यात नाव कमावलंय, तरी हे थर सोडवायला त्यासाठीचाच कारखाना लागतो. डब्यात चारातले तीन भाग पाणी, आणि ते पाणी ट्रकमधून गुडगावपर्यंत न्यायचं. पर्यावरणाची एवढी काळजी असेल तर पावडर विका, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, पावडरीला शहरातली मुलं नाक मुरडतात, आणि इथे आषाढ-श्रावणात पाकीट फोडलं की गोळे होतात. दोन्ही खरंय. पण मग 'शाश्वत' हा शब्द इतक्या ठळक अक्षरांत कशाला? ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पर्यावरणाचा दावा केला तर पुरावा दाखवता आला पाहिजे. तो मागून घे. मागायला लाजू नकोस, आठ लाख तुझे आहेत.

त्या कागदात 'आजीच्या आंबिलीचा आधुनिक अवतार' असं एक पान आहे, वर कौलारू घराचा फोटो. ते पान वाचून तू विरघळलास, मला ठाऊक आहे. अरे, उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी खाऊन वाढलेला माणूस एका डब्याला दीडशे रुपये देणार आहे का? तू दिलेस का कधी? हे पेय बंगळुरातल्या, दुपारी जेवायला उठायला वेळ नसलेल्या पोरासाठी आहे. ते तसंच सांगावं, आजीला मधे आणू नये.

आता पैशाचं, सगळ्यात कंटाळवाणं, पण हेच नीट वाच. कंपनीची किंमत त्यांनी चाळीस कोटी धरलीय. तुझे आठ लाख म्हणजे ०.२ टक्के. गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत पाचवा हिस्सा नव्यांना दिला की तुझा होणार ०.१६. हे प्रेफरन्स शेअर आहेत, सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे, सीसीपीएस म्हणतात ते. पण कंपनी विकली तर येणाऱ्या पैशावर आधीच्या मोठ्या गुंतवणूकदारांचा हक्क तुझ्या आधी आहे की बरोबरीने, ते कुठेच लिहिलेलं नाही. समजा त्यांचा बारा कोटींवर पहिला हक्क आहे आणि कंपनी दहा कोटींना विकली गेली, तर तुझ्या हातात भोपळा. शिवाय हे शेअर बाजारात विकता येत नाहीत. कोणी मोठी कंपनी आली किंवा नव्या गुंतवणूकदाराने घेतले, तरच तुझी सुटका.

आणि हे कागद तुला कुणी दिले? सूनबाईने. तिला कुठून आले? मैत्रिणींच्या ग्रुपवरून. बाळ्या, कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे असे शेअर खासगीतच द्यायचे असतात. वर्षात २०० माणसांपर्यंत, ज्याला द्यायचे त्याच्या नावाने ऑफर लेटर, पीएएस-४ म्हणतात त्याला. जाहिरात करायची नाही. पैसे बँकेतूनच, आणि ६० दिवसांत शेअर दिले नाहीत तर रक्कम परत. तुझ्या नावाचा पीएएस-४ येईपर्यंत ते रंगीत कागद म्हणजे नुसतं जाहिरातीचं पत्रक. मुलीची नियत वाईट नाही, पण तिला हे शिकवणारं कुणी नसावं असं वाटतं. तिच्या सीएला हे विचारायला सांग, तिचंच भलं होईल.

ग्राहकांचा आकडा पहिल्याच पानावर ठळक आहे. कूपन नसताना तिसऱ्यांदा घेणाऱ्यांचा कुठेच नाही. तोच मला हवा. आणि एका डब्यामागे भरणावळ, खोका, कुरिअर, अ‍ॅपवाल्यांचं कमिशन, जाहिरात, सगळं वजा जाता किती उरतात? माझ्या आगळाच्या बाटलीचा हिशेब मी तुला झोपेतून उठूनही सांगेन. तिने उत्तर देताना आधी 'स्केल आलं की' म्हटलं, तेव्हा मी गप्प बसलो. मेल्या, तू गप्प बसू नकोस.

सूनबाईला काय सांगायचं? मला सुचतं ते असं. निवृत्तीच्या पैशांतून एक रुपयाही काढू नको, पण नाचणी-कोकोचा खोका पुढचे तीन महिने स्वतःच्या पैशाने मागव. कूपन वापरू नको. तिला आत्ता भागधारकापेक्षा गिऱ्हाईक जास्त हवंय, तेव्हा मदत खरी होईल आणि घरात तोंडही गोड राहील. तीन महिन्यांनी चौथा खोका तुला आपणहून मागवावासा वाटला, तर मला कळव, मग आपण दोघं बसून तिच्या सीएशी बोलू. पण तेव्हाही आठ लाख नाही. गेले तर सूनबाईशी बोलणं तुटणार नाही एवढीच रक्कम, आणि ती किती हे तुझं तूच ठरव.

चवथीक येतलंस मां? हिने विचारायला सांगितलंय, तिकिटं पक्की झाली की अजून वेटिंगवरच. मांगराची कौलं या पावसात पुन्हा गळली, गडी मिळेना झालाय. तू आलास की दोघं चढून बघू. येताना दोन नाचणी-कोको घेऊन ये. हिला द्यायचं आहे, माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही.

तुझाच मित्र