बाटलीआधी बादली बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोरड्या केसांसाठी काय घ्यावं यावर पानभर मजकूर होता. शाम्पू, सीरम, हेअर मास्क, सगळ्यांची किमतींसकट यादी. पाण्याबद्दल मात्र एक ओळ नाही. लातूरकराला हे खटकणारच.

माझं माहेर दापोलीकडचं. विहिरीचं पाणी, घाण्यावरचं खोबरेल आणि कमरेपर्यंत वेणी. लग्न होऊन इथे आले आणि वर्षभरात केसांची केरसुणी झाली. सासूबाई म्हणायच्या, ‘हवा मानवली नाही तुला.’ आई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तेलाच्या बाटल्या धाडत राहिली. मी डोक्याला लावत होते शिकेकाईचा साबण, तोही बोअरच्या पाण्यात. न्हाऊन झालं की फणीच्या दातांत पांढरट, चिकट मेणासारखं काहीतरी अडकायचं. कोंडाच असणार म्हणून मी आणखी साबण घासायचे.

गंमत म्हणजे शाळेत मी विज्ञानच शिकवत होते. एका पावसाळ्यात वर्गात दोन बाटल्या नेल्या, एकीत पागोळीचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाचा चिमूटभर कीस टाकून मुलांकडून हलवून घेतल्या. पहिलीत गळ्यापर्यंत फेस, दुसरीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचं जमत नाही, हे मी फळ्यावर लिहीत होते आणि डोळ्यांसमोर माझी फणी येत होती. त्या दिवसापासून डोक्याचा साबण बंद.

शाम्पूच्या अशा गुठळ्या होत नाहीत, पण तो केसांचं तेल ओरबाडून नेतो. म्हणून मी तो मगभर पाण्यात कालवून फक्त टाळूला लावते, टोकांना कंडिशनर. शेवटचे दोन तांबे पावसाळ्यात पागोळीचे, एरवी पिण्याच्या पाण्याचे. (2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा डोक्यावरून न्हाणं हीच चैन होती, तेव्हाचं विचारू नका.) आमच्या शेजारीण मात्र आरओ मशीनचं बाहेर टाकायचं पाणी साठवून त्याने केस धुतात. त्या पाण्यात तर आधीपेक्षा जास्त क्षार असतात! ते फरशीला ठीक.

आता तेल. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. माझी भाची खुशीत एकदम तीन बाटल्या घेऊन आली. एकीवर पुढून टपोरे बदाम. मी भिंग घेऊन मागची बाजू वाचली, तर पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल. बदामाचं तेल बरंच खाली. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे, तेव्हा पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पुरतं. पॅराफिन विष नव्हे, वरून चकाकी देतं, पण केसाच्या आत शिरत नाही. खोबरेल शिरतं. 2003 साली मुंबईतल्याच दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं, तेव्हा केसातलं प्रथिन निघून जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलाने. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगायला हवं. पण माझ्या वेणीचा अनुभव वेगळा नाही. तेल न्हायच्या आदल्या रात्री लावायचं, न्हाल्यावर थापायचं नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी बाटलीच्या दर्शनी बाजूचे फोटो छापण्याऐवजी मागची यादी देवनागरीत, अर्थासकट आणि भिंगाशिवाय वाचता येईल अशा टायपात छापा. बदामवाली बाटली भाची माझ्याकडेच ठेवून गेली आहे. देवघराच्या दाराची बिजागरी करकरत होती, तिला घातलं. आता छान चालते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर