कॅल्क्युलेटरवरचा प्रोग्रॅम चुकतो तेव्हा

संपादक महोदय,

ग्राफिंग (आलेख काढणाऱ्या) कॅल्क्युलेटरसाठी प्रोग्रॅमिंगच्या साधनांची तुलना होते ती बहुधा वेगाचीच: ‘बेसिक’ ही भाषा मंद, ‘सी’ जलद, म्हणून सी शिका. यात नवशिक्याचे नुकसान होते. प्रोग्रॅम चुकला तर चूक कशी सापडते, हे आधी पाहायला हवे.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआय) ‘टीआय-८४ प्लस सीई’ हा कॅल्क्युलेटर घ्या. त्यावरच्या बेसिकमध्ये एरर आली की तिच्या मेनूतले ‘गोटू’ निवडावे, कर्सर नेमका चुकलेल्या जागी जातो. शिकणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. जपायचे एवढेच, की ‘इफ-देन’ (अट) किंवा ‘फॉर’ (पुनरावृत्ती) यांच्या ब्लॉकच्या आतून, प्रोग्रॅममध्ये लिहायच्या वेगळ्या गोटू कमांडने बाहेर उडी मारू नये. त्या ब्लॉकची नोंद मेमरीत तशीच अडकते. असे वारंवार झाले की प्रोग्रॅम मंदावतो आणि शेवटी मेमरी एरर देऊन थांबतो.

सीसाठी ‘सीई टूलचेन’ हा कॉम्प्युटरवरचा साधनसंच उत्तम आहे. ‘मेक’ ही कमांड चालवली की ‘बिन’ फोल्डरमध्ये कॅल्क्युलेटरवर पाठवायची .८एक्सपी फाइल मिळते. सी लायब्ऱ्या (प्रोग्रॅमला लागणारे तयार कोड) कॅल्क्युलेटरवर आधी पाठवाव्या लागतात, पण त्या नसल्या तर निदान तसा संदेश तरी येतो. खरा घात ‘इंट’ हा पूर्णांक साठवायचा प्रकार करतो. इथे तो २४ बिटांचा आहे. आकडा ८३,८८,६०७ च्या वर गेला की सहसा एकदम ऋण होतो आणि एररही येत नाही. कॉम्प्युटरवर ३२ बिटांच्या इंटवर बरोबर चाललेला कोड इथे मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. मोठ्या संख्यांना ‘लाँग’ हा मोठा पूर्णांक-प्रकार वापरावा. दशांश संख्यांचा ‘डबल’सुद्धा इथे ‘फ्लोट’इतकाच, ३२ बिटांचा, साधारण सात अंकांपुढे त्यावर विसंबू नये.

म्हणून सी लिहिणाऱ्याने आधी सीईएमयू हा इम्युलेटर, म्हणजे कॅल्क्युलेटरची कॉम्प्युटरवर चालणारी नक्कल, बसवावा. त्याला स्वतःच्या कॅल्क्युलेटरमधून काढलेली रॉम (त्याच्या मूळ सॉफ्टवेअरची प्रत) लागते. ‘मेक डीबग’ने बांधलेल्या प्रोग्रॅमचे संदेश इम्युलेटरच्या कन्सोलवर (संदेशांच्या खिडकीत) वाचता येतात. प्रत्यक्ष यंत्रावर प्रोग्रॅम कोसळला तर बरेचदा ‘रॅम क्लिअर्ड’ (तात्पुरती मेमरी पुसली) एवढेच दिसते. म्हणून चाचणीआधी कामाचे सगळे आर्काइव्हमध्ये, म्हणजे तेव्हा न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, हलवावे.



टीआयने सीईच्या ऑपरेटिंग सिस्टीममधून ५.५.१ आवृत्तीपासून सी आणि असेंब्ली (यंत्राच्या जवळची भाषा) यांचे प्रोग्रॅम चालवण्याची अधिकृत सोय काढली. त्यामुळे अशी तुलना छापताना प्रत्येक साधनापुढे ते कोणत्या आवृत्तीवर चालते हेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक